पस्तीस मार्कांचा कागद

दहावीचा वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, तेव्हा इंग्रजीच्या सरांनी आमच्या वर्गाचे दोन भाग केले. हजेरीपट उघडून त्यांनी नववीच्या वार्षिक परीक्षेतले इंग्रजीचे मार्क एकेक करून वाचले आणि ज्यांना चाळीस किंवा त्याहून जास्त होते त्यांना म्हणाले, "तुमी पुढं या." मागे उरलो अकरा जण. सात मुली, चार मुलं. आम्हाला खिडकीकडच्या शेवटच्या तीन बाकांवर बसवलं. सर रागावले नाहीत, कुणाला टाकून बोलले नाहीत. उलट फार मायेनं समजावलं.

"हे पाहा, इंग्रजी काही तुमच्या बसची गोष्ट नाही. त्यात लाजायचं काय? तुमाले पास व्हायचं आहे ना? पस्तीस पाहिजेत ना? पस्तीस मी देतो."

मग त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. प्रत्येकाला चार पानं, कोपऱ्यात टाचलेली. त्यात एक रजेचा अर्ज होता, एक निबंध होता, एक गोष्ट होती आणि शेवटच्या पानावर मराठीतून सूचना होत्या. उताऱ्याखालच्या प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधा, ती ओळ जशीच्या तशी उतरवून काढा. जोड्या लावा सोडू नका. कवितेवरचे प्रश्न वाचण्यात वेळ घालवू नका.

"अर्थ लागला नाही तरी चालते," सर म्हणाले. "हात चालला पाहिजे. मार्चपर्यंत हेच पाठ करायचं. बाकी धडे मी पुढच्यांना शिकवत जाईन, तुमी गोंधळ करू नका म्हणजे झालं."

मला नववीत अडतीस होते. दोन मार्क जास्त पडले असते तर मी पुढच्या बाकावर गेले असते आणि मागच्यांचं काय झालं याचा विचारही केला नसता, हे कबूल करते. पण मी मागे होते. चार पानं माझ्या हातात होती आणि माझे कान गरम झाले होते. मी काही वर्गातली बोलकी मुलगी नव्हते. आमचं गाव जऊळका स्टेशनच्या अलीकडे, शाळा तिथून चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. रोज पायी यायचं, पायी जायचं, मधल्या वेळात डबा खायचा, एवढीच माझी शाळेतली हालचाल. तरी मी उभी राहिले.

"सर, मले हा कागद नको."

"काहून? फाटला का?"

"नाही सर. मले धडा शिकवा."

वर्गात कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते माझ्या बाकाजवळ आले, माझ्या हातातली पानं घेतली, नीट जुळवली आणि पुन्हा बाकावर ठेवली. "खाली बस. हा कागद घेऊन लोक पास झाले आहेत."

"घरी वाचून येईन, पाहिजे तेवढं लिहून आणीन," मी म्हटलं. "पण तुमी पुढच्यांले शिकवसान आन् आमी तिकडं पाहू नोये, हे मले नाही जमत."

एवढं लांब वाक्य मी शाळेत तोवर बोलले नव्हते. सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि जाताना सांगितलं, उद्या घरून कुणाला तरी घेऊन ये.

बाबा त्या दिवसांत दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवायला रिसोडकडे गेले होते. म्हणून माय आली. सोयाबीनमधलं निंदण सोडून आली. पदराला माती, हातात कापडात गुंडाळलेलं खुरपं. माय चौथी शिकलेली. शाळेच्या ऑफिसात ती खुर्चीवर बसली नाही, दाराजवळ उभी राहिली. हेडसर कशाला तरी बाहेर गेले होते. इंग्रजीचे सर म्हणाले, "तुमची पोरगी उद्धटपणा करून राह्यली."

"तिनं शिवी देली का सर?"

"शिवी नाही."

"मारामारी केली?"

"नाही हो. भर वर्गात उभी राहून मलेच सांगते, धडा शिकवा म्हणून."

माय थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मंग शिकवा ना."

सरांनी तिला बरंच समजावलं. पस्तीस म्हणजे काय, बोर्ड म्हणजे काय, कुणाची कुवत किती, आणि आपलं सगळं मुलांच्या भल्यासाठीच कसं आहे. मायनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाली, "तुमचं बराबर हाय सर. पन पोरगी शिकवा म्हनते त शिकवा."

परतीच्या रस्त्यावर मात्र तिनं मला सोडलं नाही. शेतातल्या पांदणवाटेपर्यंत ती झपाझप पुढं चालली. तिथं ती थांबली.

"लय मोठं बोलून बसली तू. आता शिकून दाखोजो. नाही त त्या मानसापुढं माह्यं नाक गेलं म्हून समज."

दुसऱ्या दिवशी सरांनी मागच्या बाकांवरची सगळी पानं गोळा करून घेतली. एकट्या माझी नव्हे, अकराही जणांची. "तुमाले धडे शिकायचे आहेत ना? मंग शिका. कागदाची काय गरज? काही अडलं तर तुमच्या पुढारीणबाईले विचारा."

मला हे सुचलंच नव्हतं. मी फक्त माझ्यापुरतं नको म्हटलं होतं. त्या तासाला सर खरोखरच धडा शिकवू लागले, पण तोंड पुढच्या बाकांकडे आणि खिडकीकडे पाठ करून. मागे जो आवाज यायचा तो त्यांच्या खांद्यावरून यायचा.

मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण डबा उघडायलाच तयार नव्हती. तिचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि ती काकाकडे राहून शिकत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तुले काय होते वं? तू कशीबी पास होशीन. माह्यं काय? मी नापास झाली त बाबा म्हनते, यंदा कोयता हातात घे. मले तो कागद पाहिजे होता. तुले नको होता त तू गपचूप बॅगमधी ठेवून द्यायचा."

"आपल्याले शिकवतच नव्हते ते."

"माहीत हाय. मले पस्तीसच पाहिजे होते."

स्वाभिमान परवडायला थोडं काहीतरी गाठीला लागतं, आणि माझ्या गाठीला निंदण सोडून शाळेत येणारी माय होती. तिच्याकडे तेवढंही नव्हतं. पण त्या दिवशी मी मागे हटले नाही. सरांकडे जाऊन माफी मागून कागद परत आणावे, असं बाकीच्यांनी सुचवलं. मी म्हटलं, जाणार नाही. तीन आठवडे माझ्याशी मागच्या बाकावरचं कुणी धड बोललं नाही.

मी झपाटल्यासारखा अभ्यास केला. शाळेच्या कपाटात एक जुनी, पाठीवरची शिवण उसवलेली इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती. हेडसरांना विचारून ती शनिवारी घरी न्यायची आणि सोमवारी परत करायची, असं ठरवून घेतलं. घरात छापील इंग्रजी जे काही होतं ते वाचून काढलं. खताच्या पोत्यावरचं, फवारणीच्या औषधाच्या डब्यातल्या घडीच्या कागदावरचं, बाबांच्या ट्रॅक्टरच्या चोपडीतलं. धड्यातला एकेक शब्द डिक्शनरीत शोधायचे आणि पेन्सिलीनं त्याच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचे. पान भरून जाई. सगळ्या शब्दांचे अर्थ लागत आणि वाक्याचा लागत नसे. प्रत्येक शब्द ओळखीचा आणि सगळे मिळून अनोळखी, असं ते होतं. तरी मला वाटत होतं, आता आपण दाखवून देऊ.

सहामाहीत मला इंग्रजीत ऐंशीपैकी सतरा पडले.

सरांनी पेपर वाटताना माझा शेवटी ठेवला. "सतरा," ते म्हणाले. "पुढारीणबाईंना सतरा." मागच्या अकरांपैकी तिघं कसेबसे काठावर होते, बाकी सगळे खाली. मैत्रिणीला चौदा. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पेपर घडी करून दप्तरात ठेवला आणि घरी मायला खरा आकडा सांगितला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मार्चले किती दिवस हायेत?" मी म्हटलं, चार महिने. "मंग आतापासून कायले रडतं?"

मी रडत नव्हते, पण रडायच्या बेतात होते, हे तिनं ओळखलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जवळच्या शिरपूरला मावशीकडे गेले. मावशी तिथल्या एका जैन धर्मशाळेत झाडलोट आणि पाण्याचं काम करायची. यात्रेकरू दूरदुरून देवळात दर्शनाला येत, दोन-चार दिवस राहत. मावशीची कंबर धरली होती, म्हणून पाणी मी भरू लागले. तिथं कर्नाटकातून आलेली एक म्हातारी बाई उतरली होती. सोबतचे लोक पुढच्या क्षेत्राला गेले होते, आणि गुडघे दुखतात म्हणून ती पाच दिवस तिथंच थांबणार होती. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीचे चार शब्द येत होते आणि मला कन्नड येत नव्हतं.

पहिल्या सकाळी मी तिला गरम पाणी नेऊन दिलं. तिनं भांड्याला हात लावून मान हलवली. "नो, नो. बॉइल. फर्स्ट बॉइल. देन कोल्ड."

मी तशीच उभी राहिले. हे इंग्रजी आहे, हे कळायलाच मला थोडा वेळ लागला, कारण ते सरांच्या खांद्यावरून येत नव्हतं, सरळ माझ्याकडे पाहून कुणीतरी बोललं होतं. उकळायचं आणि मग गार करायचं. तिला प्यायला उकळलेलं पाणी हवं होतं. मी तोंड उघडलं आणि जे आलं ते म्हटलं, "आय बॉइल. यू वेट. आफ्टर, कोल्ड."

"ओके," ती म्हणाली.

तासाभरानं मी गार केलेलं पाणी घेऊन गेले. ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मला बस म्हणून खूण केली. मी घाबरत घाबरत म्हटलं, "माय इंग्लिश राँग."

तिनं हात झटकला. "यू टॉक राँग. आय टॉक राँग. वॉटर केम."

त्या पाच दिवसांत मी तिच्याशी जेवढं इंग्रजी बोलले तेवढं त्याआधीच्या पाच वर्षांत ऐकलंही नसेल. ती दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची आणि मग मला विचारायची, "टुडे व्हॉट यू डिड?" मी सांगायचे. पाणी भरलं, झाडलं, मावशीच्या कमरेला तेल चोळलं, मांजरीनं तीन पिल्लं दिली. शब्द आला नाही की हातानं दाखवायचे. तिला एखादा शब्द येत असला तर ती द्यायची, नसला तर आम्ही दोघी त्याला सोडून पुढं जायचो. जायच्या दिवशी तिनं मला काही दिलं नाही, आशीर्वादाचं भाषण केलं नाही. रिक्षात बसताना म्हणाली, "टुमॉरो हू विल बॉइल?" आणि हसली.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मी दोन कामं केली. पहिलं, आमच्या गावातल्या, मागच्या वर्षी दहावी झालेल्या एका मुलीकडून तोच चार पानांचा कागद मिळवला. दुसरं, तो मी हातानं उतरवायला घेतला. मला नव्हता पाहिजे, पण बाकीच्या दहा जणांचा तो माझ्यामुळे गेला होता. रोज एक प्रत, असं करत दहा दिवस लिहीत बसले. आणि लिहिता लिहिता, शिरपूरहून नुकतीच आल्यामुळे असेल, मी ती वाक्यं पहिल्यांदा वाचली. रजेच्या अर्जात लिहिलं होतं की माझे काका मुंबईहून विमानानं येणार आहेत, म्हणून मला दोन दिवस रजा मिळावी. वर्षानुवर्षं आमच्या शाळेतली शेवटच्या बाकावरची सगळी मुलं काकांना विमानानं आणत होती. दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलेलं होतं, आणि तेही सगळेच तसंच चुकत आले होते.

पहिली प्रत मी मैत्रिणीला दिली. ती पानं तिनं छातीशी धरली. मी म्हटलं, "पाठ कर. पन एक वाक्य बदल."

"कोनतं?"

"काकाचं. तुह्ये काका इमानानं येतात का?"

"माह्या काकापाशी सायकल हाय."

"मंग तुले सुट्टी कायले पाहिजे ते लिही."

तिनं पेन हातात घेतलं. "आमची म्हैस व्यायली. तिच्याजवळ कोनी नाही."

व्यायलीला इंग्रजीत काय म्हणतात ते आम्हाला दोघींनाही येत नव्हतं. आम्ही लिहिलं, अवर बफेलो हॅज अ बेबी. नोबडी इज नियर हर. चुकलं असेल की बरोबर, ठाऊक नव्हतं. पण ते वाक्य तिनं पुन्हा कधी पाठ केलं नाही, आणि विसरलीही नाही.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली आम्ही बसू लागलो. आधी चौघी, मग सहा जण, जानेवारीपर्यंत अकरा. नियम एकच होता, रोज कागदातलं एक वाक्य काढायचं आणि आपलं घालायचं. निबंधात हिल स्टेशनला गेलेलं कुटुंब होतं. एका मुलानं ते कुटुंब आठवडी बाजाराला नेलं. दुसऱ्यानं त्या कुटुंबातल्या बापाला ट्रॅक्टर शिकवला. चुका होत आणि आम्ही त्या डिक्शनरीत जमतील तेवढ्या धुंडाळत असू. जे कळत नसे ते मी वर्गात हात वर करून सरांना विचारत असे. सर कधी उत्तर देत, कधी "तुमचं तुमी पाहा" म्हणत. मी तरी विचारत राहिले. एकदा त्यांनी मला सांगितलं की तू तासाचा वेळ खातेस. मी म्हटलं, "तास माह्याही आहे सर." मला पुन्हा बाहेर उभं केलं. व्हरांड्यात उभं राहून आतलं चांगलं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं.

पूर्वपरीक्षेत सरांनी आमच्या पत्रांवर आणि निबंधांवर लाल फुल्या मारल्या. दहा-दहा ओळींच्या पत्राला शून्य आणि बाजूला शेरा, 'मनचे लिहिले'. मी अकरा जणांचे पेपर गोळा केले. मैत्रीण म्हणाली, "नको जाऊ, आणखी वाढन." मी म्हटलं, तू चाल सोबत. ती आली, हे मी विसरत नाही.

हेडसर मराठी शिकवायचे. पेपर त्यांच्या टेबलावर ठेवून मी विचारलं, "सर, याच्यात मनचं लिहिलं म्हनून मार्क कापले. पत्र मनचं लिहाचं नसते का?"

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक वाचू लागले. म्हशीच्या वाक्यापाशी ते थांबले. "हे कोणाचं?"

"माह्यं," मैत्रीण म्हणाली.

"म्हशीला काय झालं? वगार की टोणगा?"

"वगार."

हेडसरांनी इंग्रजीच्या सरांना बोलावून घेतलं. आम्हाला बाहेर पाठवलं. आत काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. दोन दिवसांनी पेपर परत आले तेव्हा प्रत्येक पत्राच्या शून्यावर रेघ मारून त्याजागी दीड, दोन, कुणाला अडीच मार्क दिलेले होते. पाचपैकी. सरांनी ते पेपर माझ्या बाकावर टाकले आणि म्हणाले, "बोर्डात हे चालणार नाही. तिथं हेडसर नसतात तपासायला."

मार्चमध्ये आम्ही बोर्डाची परीक्षा दिली. पत्राचा विषय वेगळाच आला. गावात पिण्याचं पाणी वेळेवर येत नाही, याबद्दल तक्रार करा. चार पानांच्या कागदात तक्रारीचं पत्र नव्हतंच. ते पाठ करणारे तिथं अडले असते. आम्हा अकरांपैकी कुणालाही पाण्याच्या तक्रारीसाठी शब्द शोधावे लागले नसावेत. बाहेर आल्यावर प्रत्येक जण सांगत होता, मी नळाचं लिहिलं, मी हापशीचं लिहिलं.

निकाल लागला. मला इंग्रजीत चौसष्ट पडले. अकरांपैकी नऊ जण पास झाले. एक मुलगा आणि माझी मैत्रीण राहिली. तिला एकतीस होते.

मी तिच्या घरी गेले तेव्हा तिचे वडील ओसरीवर बसले होते. ती आतून आली. म्हणाली, "चार मार्कांनी." बस, एवढंच. त्या चार मार्कांना मी कुठंही लपवू शकत नाही. सुरुवातीपासून तिच्याकडे कागद असता तर कदाचित ती पहिल्याच वेळी पस्तीस घेऊन निघाली असती. मी तिच्या वडिलांना म्हटलं, "काका, जुलैत फेरपरीक्षा असते. मी रोज येते. कोयता दिवाळीले पाहा." ते म्हणाले, "तू येशीन?" मी म्हटलं, रोज येईन. आणि गेले. पूर्ण महिना, पावसात, चिखलात, दोन किलोमीटर. आम्ही तिच्या गोठ्यात बसून वाक्यं करायचो.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेत पहिल्या तिघांचा सत्कार होता. मी तिसरी होते, बाकीचे विषय मला आधीपासून जमायचे. इंग्रजीच्या सरांनी माइक हातात घेऊन सांगितलं की ही मुलगी शेवटच्या बाकावर होती, हिला आम्ही तिथून वर आणलं, आता ही दोन शब्द इंग्रजीतून बोलेल. माझ्या हातात नारळ होता. मायला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि ती आज बसली होती.

मी इंग्रजीतच बोलले. जुलैत सरांनी मला चार पानं दिली. मी नाही म्हटलं. मला सतरा मार्क पडले. मग आम्ही अकरा जणांनी टाकीखाली बसून अभ्यास केला. आम्हाला कुणी वर आणलं नाही, आम्ही आलो. माझी मैत्रीण आज इथं नाही कारण ती निकालाची वाट पाहत आहे. एवढी सहा-सात वाक्यं. त्यातलं व्याकरण कुठंकुठं चुकलं असणार. गावातल्या बऱ्याच लोकांना ते कळलं नाही आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी तेच सगळं पुन्हा आपल्या बोलीत सांगितलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. हेडसर खाली पाहत होते. माय मात्र सरळ इंग्रजीच्या सरांकडे पाहत होती, शाळेच्या ऑफिसात पाहिलं होतं तशीच.

कार्यक्रम संपल्यावर काही पालकांनी मायला ऐकवलं, पोरीला वळण नाही, गुरुजनांचा मान नाही. माय म्हणाली, "खोटं बोलली का?" आणि चालायला लागली.

मैत्रीण फेरपरीक्षेत एकोणचाळीस घेऊन पास झाली. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला कॉलेजात गेली. आज ती तिच्या गावात अंगणवाडी चालवते. अजूनही कधी रागात असली की म्हणते, तुह्यापायी मी एकदा नापास झाली. ते खरं आहे. मी वाद घालत नाही.

मी अकोल्याला नर्सिंग केलं आणि तिथंच एका दवाखान्यात कामाला लागले. पुस्तकं सगळी इंग्रजीत होती. पहिलं वर्ष पुन्हा सतरा मार्कांचं होतं, फक्त आता मला सतराची भीती वाटत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात गावी जाताना मालेगावच्या बसस्टँडवर इंग्रजीचे सर भेटले. रिटायर झाले होते, केस पांढरे, हातात औषधांची पिशवी. त्यांनीच मला ओळखलं. तब्येतीचं विचारलं, पगाराचं विचारलं, मी सांगितलं. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून पिशवीतल्या एका गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मी त्यांना वाचून सांगितलं, जेवणानंतर घ्यायची. मग ते म्हणाले, "तुला वाईट वाटलं असेल तेव्हा. पण मी तसं वागलो म्हणूनच तू जिद्दीनं शिकली. पाहा, झालं ना चांगलं?"

हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. सरांवर चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग होता, निकालाचा दबाव होता, कदाचित त्यांनाही कुणीतरी असंच मागच्या बाकावर बसवून इंग्रजी शिकवलं असेल. हे सगळं मला आता समजतं. समजलं म्हणून मी त्यांना ते वाक्य देऊन टाकावं, असं मला वाटलं नाही.

"नाही सर," मी म्हटलं. "तुमी शिकवलं असतं त अकराच्या अकरा शिकलो असतो."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांची रिसोडची गाडी लागली होती. गर्दी होती, म्हणून मी त्यांना पायरीवर चढताना कोपराला धरून आधार दिला, आणि माझी गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेले.